मतदान यंत्राचं निळं बटण: प्रॉडक्ट डिझायनरच्या कामाचा एक प्रकरण अभ्यास

प्रॉडक्ट डिझायनर म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाइल ॲपचे स्क्रीन येतात. वस्तूंच्या डिझाइनचा विषय निघाला तर बाटलीचा आकार, मिक्सरचा रंग, गाडीची ठेवण. दोन्हीकडे गृहीत एकच असतं: खरं काम इंजिनीअरांनी केलं आणि डिझायनरने शेवटी त्याला देखणं केलं. हा समज मोडायला ईव्हीएमइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. देखणेपणाशी या यंत्राचा फारसा संबंध नाही, पण त्यातलं प्रत्येक बटण, प्रत्येक दिवा, प्रत्येक झाकण विचार करून ठेवलेलं आहे.

यंत्राची इलेक्ट्रॉनिक बाजू हैदराबादच्या ईसीआयएल आणि बंगळुरूच्या बीईएल या दोन सरकारी कंपन्यांची. त्याच्या औद्योगिक डिझाइनचं काम मात्र पवईत झालं. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांनी ते केलं. या यंत्रातला कुठला निर्णय निवडणूक आयोगाचा, कुठला इंजिनीअरांचा आणि कुठला डिझायनरांचा, अशी काटेकोर वाटणी करायच्या फंदात मी पडत नाही. असं काम नेहमी मिळूनच होतं. पण वस्तू समोर ठेवली की ती कोणत्या प्रश्नांची उत्तरं देते ते वाचता येतं, आणि ते प्रश्न डिझायनरचेच असतात. ईव्हीएम असावं की कागदी मतपत्रिका, हा वाद वेगळा आहे. इथे विषय यंत्राच्या रचनेचा आहे. विश्वासाचा प्रश्न मात्र रचनेतूनच निघतो, त्यामुळे तो पुढे येणारच.

आधी अडचण समजून घेऊ

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. नाव वाचून खूण करा असं सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. मतदाराने हातातली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, बस्स. लोखंडी पेट्यांचा मोठा साठा मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाला होता. पुढे १९६० च्या दशकात एकच मतपत्रिका आणि एकच पेटी आली आणि मतदाराच्या हातात शिक्का आला. ‘अमुक चिन्हावर शिक्का मारा’ हे वाक्य आपल्या प्रचाराच्या भाषेत असं रुळलं की आजही एखादा जुना कार्यकर्ता भाषणाच्या भरात तेच बोलून जातो.

शिक्क्याची पद्धत साधी होती, पण त्यात मत वाया जायच्या वाटा फार. कुणी दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर शिक्का उमटवी. कुणी दोन ठिकाणी मारी. कुणाची घडी उलटी पडे आणि ओली शाई समोरच्या नावावर उतरे. अशी मतं बाद होत. बाद करायची की नाही यावर मतमोजणीच्या टेबलाशी वाद होत, आणि मोजणी रात्रभर चाले. दुसरीकडे मतदान केंद्र बळकावणारे गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून थोड्या वेळात पेटी भरून टाकत.

तेव्हा मागणी वरवर पाहता एवढीच होती: कागदाऐवजी यंत्र आणा. अशी एका ओळीची मागणी डिझायनरकडे रोज येते. ‘ॲप बनवून द्या’, ‘मशीन छोटं करा’, ‘फॉर्म ऑनलाइन करा’. कामाचा पहिला टप्पा म्हणजे ती ओळ उसवणं. यंत्र कोण कोण वापरणार, याची यादी करायला बसलं की ती मतदारावर थांबत नाही. केंद्रावर बसलेले अधिकारी एरवी शाळेत शिकवतात किंवा पंचायत समितीत, बँकेत काम करतात. त्यांना या कामाचं प्रशिक्षण मिळतं मोजक्या तासांचं. पक्षांचे पोलिंग एजंट यंत्राला हातही लावत नाहीत, पण त्यांची खात्री पटली नाही तर सगळंच फुकट. मतमोजणीचे कर्मचारी वेगळे. यंत्र उचलून नेणारे वेगळे: कधी एसटी, कधी ट्रॅक्टर, कधी होडी, कधी डोक्यावर. आणि निवडणूक नसेल तेव्हा ते वर्षानुवर्षं गोदामात पडून राहणार, तेव्हा गोदामाची ऊब आणि ओल हीसुद्धा वापराचीच परिस्थिती धरायला हवी.

यातला मतदार हा सर्वांत विलक्षण वापरकर्ता. तो हे यंत्र दोन-तीन वर्षांतून एकदा हाताळतो, तेही काही सेकंद, एकट्याने, पडद्याआड. आत कुणी मदतीला येऊ शकत नाही, कारण आलं तर गुप्तता संपली. सरावाला वाव नाही. चुकलं तर दुरुस्ती नाही. आपण रोज वापरतो त्या ॲपमध्ये पहिल्या दिवशी चुकलेला माणूस चौथ्या दिवशी सरावतो. इथे तो चौथा दिवस उजाडतच नाही.

कायदा हाही कच्चा मालच

यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते मे १९८२ मध्ये, केरळच्या परवूर विधानसभा मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर. या गोष्टीत एक गंमतीदार वळण आहे. भाकपचे उमेदवार सिवन पिल्लै यांनी मतदानापूर्वी यंत्रांना आक्षेप घेतला होता. निकाल लागला तेव्हा तेच १२३ मतांनी जिंकले. मग पराभूत झालेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरचं मतदान रद्द ठरवून पुन्हा घ्यायला सांगितलं. यंत्राने मतं चुकीची मोजली असं न्यायालयाने म्हटलेलं नव्हतं. मतदान यंत्राने घ्यायची तरतूद तेव्हाच्या कायद्यातच नव्हती. फेरमतदान कागदावर झालं आणि जोस निवडून आले.

यंत्र नीट चाललं, लोकांनी ते वापरलं, तरीही वस्तू रद्द. डिझाइन शिकणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. डिझायनरला लाकूड, प्लॅस्टिक, बॅटरी यांचे गुण जसे ठाऊक असावे लागतात, तसाच आपली वस्तू ज्या नियमांच्या चौकटीत बसणार ती चौकटही. पुढे संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१ अ घातलं आणि मार्च १९८९ पासून ते लागू झालं. १९९० मध्ये तज्ज्ञ समितीने यंत्र तपासलं. १९९८ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ विधानसभा मतदारसंघांत ते वापरलं गेलं. १९९९ मध्ये गोव्याची सगळी विधानसभा निवडणूक यंत्रांवर झाली आणि २००४ ची लोकसभा देशभर. पहिल्या वापरापासून पूर्ण वापरापर्यंत बावीस वर्षं गेली.

पडद्याआड

आता बॅलट युनिटकडे पाहू, म्हणजे मतदारासमोर असतं त्या भागाकडे. उभट पाटी. डावीकडे पारदर्शक झाकणाखाली छापील मतपत्रिका: अनुक्रमांक, नाव, चिन्ह, आणि आता उमेदवाराचा फोटोही. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एक छोटा दिवा आणि एक निळं बटण. शेजारी ब्रेल लिपीत आकडा. वर एक हिरवा दिवा, तो लागला की यंत्र मत घ्यायला तयार.

इथे स्क्रीन नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू असून मतपत्रिका कागदाचीच ठेवली, हा माझ्या मते या यंत्रातला सर्वांत शहाणा निर्णय. मतदारसंघ बदलला, निवडणूक बदलली, भाषा बदलली, तरी कागद बदलला की झालं. यंत्रात काही लिहावं लागत नाही. लोकसभेला पांढरा कागद, विधानसभेला गुलाबी. एकाच दिवशी दोन्ही निवडणुका असल्या तरी गोंधळ होत नाही. शिवाय त्या कागदावरची मांडणी लोकांच्या ओळखीची होती. मतदाराने शिक्का ठेवून दिला आणि बोट पुढे केलं, एवढाच फरक. नवी वस्तू आणताना जुन्या सवयीतलं काय जपायचं हे ठरवणं डिझायनरकडे असतं, आणि ते जपणं नवं काही सुचण्याइतकंच अवघड असतं.

बटण ओळीच्या शेवटी, म्हणजे चिन्हाला लागून आहे. नजर चिन्हावर थांबते, बोट तिथून सरळ उजवीकडे सरकतं. दाबलं की त्याच ओळीतला दिवा लाल होतो. दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात निरोप उमटत नाही. जिथे हात, तिथेच उत्तर. उमेदवार कमी असतील तर उरलेली बटणं आतून पांढऱ्या पट्टीने झाकून टाकतात. दाबून काहीच होणार नाही असं बटण मतदारासमोर ठेवायचंच नाही. ‘हे बटण का चालत नाही?’ हा प्रश्न पडद्याआड विचारायला कुणी नसतं.

आजच्या ॲप बनवणाऱ्या टीमला हे यंत्र दिलं, तर ती एक गोष्ट हमखास घालेल: ‘तुम्हाला नक्की हेच मत द्यायचं आहे का? हो / नाही’. ईव्हीएममध्ये ते नाही. एकदा दाबलं की मत नोंदलं आणि यंत्र बंद झालं. कुणाचं बोट चुकून शेजारच्या बटणावर पडलं तर ते मत गेलंच, ही किंमत आहे. तरी हा निर्णय मला बरोबर वाटतो. खात्री करून घेणारा प्रश्न वाचावा लागतो, आणि न वाचता येणाऱ्यासाठी तो दुसरा अडथळा ठरतो. पहिलं बटण दाबून मत झालं असं समजून निघून गेलेल्या माणसाचं मत नोंदलंच जाणार नाही. थोड्यांची चूक वाचवायला जाऊन पुष्कळांचं मत हातचं गेलं असतं. चुका दोन्ही बाजूंना आहेत. कोणती पत्करायची ते कुणीतरी ठरवावं लागतं. डिझायनरचा पगार बहुतेक या ठरवण्यासाठीच असतो, पण पोर्टफोलिओत ते दिसत नाही.

टेबलावर

दुसरा भाग कंट्रोल युनिट. तो मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर असतो आणि पाच मीटरच्या केबलने बॅलट युनिटला जोडलेला. या पाच मीटरमध्ये खोलीची मांडणीच ठरून गेली. अधिकारी, एजंट आणि मतदान कक्ष एकमेकांना दिसतील एवढे जवळ, पण मतदाराचं बोट कुठे गेलं ते दिसणार नाही एवढे दूर. शाळेच्या वर्गखोलीत हे बरोबर बसतं. वीज लागत नाही. यंत्र बॅटरीवर चालतं. म्हणजे दिवे गेले म्हणून मतदान थांबत नाही आणि प्लग पॉइंट शोधत बसावं लागत नाही.

अधिकाऱ्याने ‘बॅलट’ बटण दाबलं की त्याच्याकडे लाल दिवा लागतो आणि मतदाराकडे हिरवा. एक मत पडलं की सगळं पुन्हा बंद. मतदाराने दहा वेळा बटण दाबलं तरी मत एकच. पुढच्या मतासाठी अधिकाऱ्याला पुन्हा ‘बॅलट’ दाबावं लागतं. मिनिटाला चार-पाच मतांपलीकडे यंत्र जातच नाही. केंद्र कुणी ताब्यात घेतलंच तर शेकडो मतं घालायला त्याला तासन्‌तास बसावं लागेल, आणि दरम्यान अधिकाऱ्याने ‘क्लोज’ दाबलं की खेळ खलास. सगळीकडे वेग वाढवणं म्हणजे सुधारणा मानतात. इथे यंत्र मुद्दाम संथ ठेवलं आहे आणि तो संथपणाच पहारेकरी आहे.

याच पॅनेलवर एक ‘टोटल’ बटण आहे. ते कधीही दाबा, आतापर्यंत एकूण किती मतं पडली तो आकडा दिसतो. एजंट तो आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहतात. कुणाला किती पडली हे सांगणारं ‘रिझल्ट’ बटण मात्र दाराआड आहे. त्या दारावर हिरव्या कागदाचं सील बसतं, सीलवर एजंटांच्या सह्या होतात, वरून बाहेरचं झाकण बंद होतं आणि दोरा-लाखेची मोहोर लागते. मतमोजणीच्या दिवशी बाहेरचं झाकण उघडून सह्या तशाच आहेत ना हे सगळ्यांना दाखवायचं आणि मग तो कागद भोकसून आतलं बटण दाबायचं. कागद फाटल्याशिवाय निकाल दिसूच शकत नाही.

हे मला फार आवडतं. इलेक्ट्रॉनिक कुलूप घालता आलं असतं, पण ते फक्त इंजिनीअरला कळलं असतं. फाटलेला कागद सगळ्यांना कळतो. ज्याला सर्किट समजत नाही, अशा एजंटालाही आपली सही ओळखू येते. यंत्राच्या खोक्यात कागदी सीलसाठी जागा सोडणं, झाकणांचा क्रम लावणं, बोट आत जाईल पण कागद फाडूनच, असं भोक ठेवणं, हे सगळं अगदी साधं प्लॅस्टिकचं काम आहे, आणि त्यावर निवडणुकीचा केवढा तरी भार आहे.

याच भागात मला एक उणीवही दिसते. मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर निदान ५० मतांचं अभिरूप मतदान घ्यायचं असतं. ती मतं पडली की ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लियर’ या क्रमाने बटणं दाबून यंत्र रिकामं करायचं. क्रम चुकला तर यंत्र दाद देत नाही, ‘इनव्हॅलिड’ म्हणतं, हे उत्तम. पण भल्या पहाटे, बाहेर रांग लागलेली असताना एखादा केंद्राध्यक्ष ‘क्लियर’ करायचंच विसरला, तर खरं मतदान त्या सरावाच्या मतांवरच चढत जातं. असं घडलं आहे, आणि अशा केंद्रांची मतमोजणी कशी करायची यासाठी आयोगाला वेगळ्या सूचना काढाव्या लागल्या. चूक माणसाची, हे म्हणणं सोपं आहे. पण दरवेळी लाखो केंद्रांवर नवी माणसं तेच काम करत असतील, तर त्यातली काही विसरणार हे धरूनच चालावं लागतं. सरावासाठी यंत्राची वेगळी अवस्था असती आणि ती संपवल्याशिवाय खरं मतदान सुरूच झालं नसतं, तर ही चूक करणं अशक्य झालं असतं.

एक आवाज, चौघे ऐकणारे

मत पडलं की लांब ‘बीप’ वाजतो. तो नेमका कुणासाठी?

मतदारासाठी: झालं, आता निघा. अधिकाऱ्यासाठी: यंत्र मोकळं झालं, पुढच्याला पाठवा. एजंटांसाठी: एक माणूस आत गेला, एक बीप वाजला, हिशेब जुळला, दोनदा वाजला असता तर लगेच हरकत घेता आली असती. आणि रांगेत उभ्या असलेल्यासाठी: रांग सरकते आहे, यंत्र चालू आहे. ज्याला दिसत नाही त्याला हा आवाज लाल दिव्याच्या जागी उपयोगी पडतो.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे हा आवाज काय सांगत नाही. बटण कुठलंही दाबा, बीप तोच. पहिल्या बटणाचा सूर जरा वेगळा आणि सोळाव्याचा वेगळा असता, तर गुप्तता त्याच दिवशी संपली असती. मत दिलं ही बातमी सगळ्या खोलीला, कुणाला दिलं ही फक्त मतदाराला. इतका काटेकोर विचार एका स्वस्त बझरमध्ये बसला आहे. ॲपमधली नोटिफिकेशन आखतानाही हाच प्रश्न विचारायचा असतो: ही बातमी कुणाकुणाला ऐकू जाणार, आणि त्यांतल्या प्रत्येकाला किती कळणं योग्य आहे?

जाता जाता हिरावलेलं

कागदी मतपत्रिकेत एक सोय होती, ती कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. कुणीच पसंत नसेल तर मतदार कोरी मतपत्रिका पेटीत टाकून येऊ शके. बाहेर कुणाला काही कळत नसे. यंत्र आलं आणि ही वाट बंद झाली. बटण दाबल्याशिवाय बीप नाही, आणि बीप झाला नाही की सगळ्या खोलीला कळतं. मत द्यायचं नसेल तर अधिकाऱ्याला सांगून रजिस्टरमध्ये तशी नोंद करून घ्यायची, असा ‘४९-ओ’चा नियम होता. म्हणजे नकार द्यायचा तर चारचौघांत. शेवटी २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘नोटा’चं बटण ठेवायला सांगितलं. उमेदवारांच्या यादीत शेवटी ते आलं. २०१५ मध्ये त्याला स्वतःचं चिन्हही मिळालं, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने केलेलं: मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली.

नव्या वस्तूच्या बैठकांत ‘यात काय काय आहे’ याची यादी सगळे करतात. जुन्यातलं काय नाहीसं होतंय, याची यादी करायला टीममध्ये एक तरी माणूस हवा, आणि मी तो डिझायनर मानतो.

मर्यादांचंही असंच. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, चार युनिटं जोडली की ६४ उमेदवार. जुन्या यंत्राची धाव एवढीच, त्यापुढे कागद. ६४ पुरेसे वाटावेत, पण १९९६ मध्येच तमिळनाडूतल्या मोडाकुरिचीत १,०३३ उमेदवार उभे होते आणि मतपत्रिकेचं चक्क पुस्तक करावं लागलं होतं. २०१९ ला तेलंगणातल्या निजामाबादला हळदीला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले. एकूण उमेदवार १८५. तोवर २४ युनिटं जोडता येणारं नवं यंत्र आलेलं होतं, म्हणून निभावलं. प्रत्येक केंद्रावर बारा-बारा बॅलट युनिटं मांडली गेली. आता त्या मतदाराच्या जागी उभं राहून पाहा. ‘बटण चिन्हाला लागून’ ही सगळी खुबी खरीच, पण आधी बारा पाट्यांतून आपली पाटी शोधायची आहे.

दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा

लाल दिवा लागला, बीप झाला. पण आत तेच नोंदलं गेलं कशावरून? कागदाच्या काळात या प्रश्नाचं उत्तर मतदाराच्या हातात होतं. त्याने स्वतः मारलेला शिक्का स्वतः पेटीत टाकला होता. २०१० मध्ये हरि प्रसाद, रॉप गोंगग्राइप आणि जे. ॲलेक्स हॉल्डरमन यांनी एक खरं ईव्हीएम उघडून दाखवलं की यंत्र हाती लागलं तर त्याचा डिस्प्ले बदलून खोटा निकाल दाखवता येतो. आयोगाचं म्हणणं असं होतं, आणि आहे, की पहारा, मोहोरा आणि तपासण्या यांमुळे प्रत्यक्षात ते शक्य नाही. कोण बरोबर, याचा निवाडा मी इथे करत नाही. डिझायनर म्हणून मला यातून एवढं दिसतं की मतदाराला स्वतः पडताळता येईल असं मूळ यंत्रात काही नव्हतं.

८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणी आवश्यक ठरवली. त्याआधीच, ४ सप्टेंबरला, नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारं जोडयंत्र, पहिल्यांदा वापरलं गेलं होतं. बटण दाबलं की क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी छापली जाते, खिडकीत सात सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन आत पडते. बीप त्यानंतर. २०१७ मध्ये त्या खिडकीची काच बदलली. आतला दिवा लागतो तेवढ्या वेळच आता चिठ्ठी दिसते. या बदलावर हरकती घेतल्या गेल्या. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात, सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याच्या मागणीसोबत, पारदर्शक काचेची मागणीही न्यायालयाने मान्य केली नाही. चिठ्ठी कापली जाऊन पेटीत पडताना मतदाराला दिसावी, असं माझं मत आहे. पडताळणीचा सगळा अर्थ त्या पडण्यात आहे.

चिठ्ठी चुकीची निघाली तर तक्रार करता येते, पण ती लेखी प्रतिज्ञेवर. चाचणी मतात ती खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. ही अट घालण्यामागचं कारण समजतं. तरी सात सेकंदांत पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला किती जण धजावतील?

मे महिना, भंडारा-गोंदिया

कागद आला की त्याच्याबरोबर छपाई आली, छपाईबरोबर सेन्सर आले, आणि ईव्हीएमच्या मूळ साधेपणाला पहिला धक्का बसला तो आपल्याकडेच. २८ मे २०१८ ला भंडारा-गोंदिया, पालघर आणि उत्तर प्रदेशातल्या कैरानाची लोकसभा पोटनिवडणूक होती. विदर्भातला मे अखेर, म्हणजे काय तापमान ते सांगायला नको. ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट बंद पडली. रांगा थांबल्या, लोक कंटाळून परतले. भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं.

आयोगाने दिलेलं कारण डिझाइनच्या वर्गात शिकवावं असं आहे. छपाई नीट झाली की नाही हे पाहणारा कॉन्ट्रास्ट सेन्सर जास्त उजेडाने दिपला. अंधारी वर्गखोली, म्हणून कुणीतरी व्हीव्हीपॅट प्रखर दिव्याच्या खाली किंवा शेजारी ठेवलं असणार. मतदाराला नीट दिसावं या चांगल्या हेतूनेच. दमट हवेने कागदाचा रोल ओल धरू लागला. पुढे सेन्सरवर छोटं छप्पर बसवलं, ओल न धरणारा कागद आणला, आणि यंत्र दिव्याखाली ठेवू नका ही सूचना प्रशिक्षणात गेली.

छप्पर म्हणजे काही मोठा शोध नाही. पण ते आधी सुचायला कुणीतरी मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत जाऊन, टेबल कुठे मांडतात, खिडकीतून ऊन कुठे येतं, दिवा कुठे लटकतो, हे पाहायला हवं होतं. प्रयोगशाळेत उष्णतेची चाचणी होते, आर्द्रतेचीही होते. टेबल दिव्याखाली सरकवणाऱ्या माणसाची चाचणी तिथे होत नाही. डिझायनरच्या कामातला जागेवर जाऊन पाहण्याचा हा भाग बजेट कापताना पहिला जातो.

महापालिकेचा प्रभाग

शेवटचा मुद्दा अजून सुटलेला नाही. २०१७ ला पुणे, ठाणे, नागपूर अशा महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते. एका मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. पहिलं बटण दाबलं की दिवा लागतो, पण बीप होत नाही. चारही मतं झाली की मगच तो वाजतो.

लोकसभा-विधानसभेने मतदाराला इतकी वर्षं एकच गोष्ट शिकवली आहे: एक बटण, एक बीप, बाहेर. तोच मतदार इथे एक बटण दाबून वळतो, आणि अधिकारी टेबलावरून ओरडतो, ‘काका, अजून तीन राहिली!’ काका गोंधळतात. घाईघाईत उरलेली बटणं कशीबशी दाबून मोकळे होतात. कुणाला दाबायचं ते ठरवून आलेले असले तरी. शेवटच्या दोन जागांवरची मतं किती विचाराने पडत असतील, याची मला खरंच काळजी वाटते.

हे काम माझ्याकडे आलं, तर पहिले काही दिवस मी कागदावर रेघही ओढणार नाही. आधी मतदान कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसेन आणि त्यांचे प्रश्न लिहून घेईन. मग एखाद्या वस्तीत जुनी यंत्रं मांडून, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना चार मतं देताना पाहीन: कुठे थबकतात, कधी मागे वळून बघतात, कितव्या बटणाला हात परत घेतात. त्यानंतर पुठ्ठ्याचे नमुने. प्रत्येक मताला छोटा टिक आणि शेवटी लांब बीप, असा आवाज करून बघेन. पण छोट्या आवाजांमधल्या अंतरावरून कोण कुठे अडखळलं हे खोलीला कळतं का, तेही तपासेन. ज्या जागेचं मत राहिलं आहे त्या मतपत्रिकेच्या कडेला दिवा लुकलुकत ठेवता येईल. ‘तीन राहिली’ हे अधिकाऱ्याने ओरडायच्या ऐवजी पाटीनेच सांगितलं, तर काकांना वळावं लागणार नाही. यातलं काय टिकेल ते लोकांच्या हातात यंत्र दिल्यावरच कळेल. टिकलेलं घेऊन मग राज्य निवडणूक आयोग, यंत्र बनवणारे इंजिनीअर आणि नियम लिहिणारे वकील यांच्यासमोर बसायचं. एका दिव्यासाठी सर्किट बदलेल, खर्च वाढेल, आणि बटणांचा क्रम ठरवणाऱ्या नियमात कदाचित दुरुस्तीही लागेल.